डेबियन १३ नंतरचा ३२-बिट संगणक

९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं. डेबियन ही लिनक्सवर बेतलेली मोफत संगणक प्रणाली. त्यात ३२-बिट इंटेल आणि एएमडी मशिनांसाठी कर्नलही (प्रणालीचा गाभा) नव्हता आणि इन्स्टॉलरही. दोनच महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. दोन्ही बातम्या एकाच दमात वाचून अनेकांनी चांगले लॅपटॉप भंगारवाल्याला द्यायची तयारी केली. त्यातले बहुतेक लॅपटॉप लिनक्सच्या हिशेबात जुने नाहीतच. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही किंवा इंटेलची आठवी पिढी नाही म्हणून विंडोज ११ ने नाकारलेलं २०१२ सालचं कोअर आय-५ मशीन डेबियन १३ वर कसलीही खटपट न करता चालतं. चार जीबी रॅम आणि एक साधी साटा एसएसडी घातली की काम झालं.

खरी अडचण आहे ती ३२-बिट प्रोसेसरवाल्यांची. २००८-०९ ची छोटी नेटबुकं, पेंटियम एमचे लॅपटॉप, जुने पेंटियम ४. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

आधी प्रोसेसर बघा, स्टिकर नाही

कोणत्याही लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही कमांड द्या. ऑप-मोडच्या ओळीत ३२-बिट आणि ६४-बिट दोन्ही दिसले तर प्रोसेसर ६४-बिट आहे, मग आत आज काहीही चालत असो. विंडोज ७ च्या काळात ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट विंडोज टाकून विकलेली मशिनं भरपूर आहेत. रॅम दोन जीबी असल्याने तेव्हा कोणाला फरक पडत नव्हता, आज पडतो.

नावावरूनही बराच अंदाज येतो. कोअर २ ड्युओ ६४-बिट, पण नुसता कोअर ड्युओ (टी२३००, टी२४०० वगैरे) ३२-बिट. पेंटियम एम ३२-बिट. सेलेरॉन एमची ४०० मालिका ३२-बिट, ५०० मालिका ६४-बिट. ॲटम एन२७० आणि एन२८० ३२-बिट, एन४५० आणि डी५१० ६४-बिट. पेंटियम ४ मध्ये मात्र नावावर विसंबू नका, कमांडच द्या.

६४-बिट निघाला तर सरळ ६४-बिट डेबियन टाका, रॅम कमी असली तरी. पॉइंटर (मेमरीचे पत्ते) दुप्पट मोठे झाल्याने मेमरी थोडी जास्त खर्च होते हे खरं, पण पुढची कित्येक वर्षं अपडेट मिळतात. एन४५० वर एकच जीबी असेल आणि ६४-बिट प्रणाली अगदीच जड वाटली तर मधला मार्ग आहे. ३२-बिट डेबियन तसंच ठेवायचं, डीपीकेजीला (डेबियनची पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) एएमडी६४ हे ६४-बिटचं दुसरं आर्किटेक्चर जोडायचं आणि फक्त कर्नल एएमडी६४ चा बसवायचा. ६४-बिट कर्नल खाली, ३२-बिट प्रोग्रॅम वर. डेबियन १३ मध्ये आय३८६ ची (३२-बिटची) पॅकेजेस उरली आहेत ती याच वापरासाठी.

कोअर २ ड्युओवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुमच्या प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना नाहीत. म्हणून रेड हॅट ९ आणि त्यावर बेतलेल्या डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार प्रणाली), ओपनसुसे लीप १६ आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती यांच्या वाटेला जाऊ नका. टीपीएमची तपासणी चुकवायच्या युक्त्या २४एच२ वर इथे उपयोगी पडत नाहीत, कारण अडवणारा नियम नसून प्रोसेसरला न समजणारी सूचना आहे. डेबियन आणि मिंट चालतात.

सपोर्ट तुटतो कुठे

'माझ्या मशीनवर नवीन लिनक्स चालत नाही' या वाक्यात चार वेगळे आजार लपलेले असतात आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे.

पहिला, प्रोसेसरच्या सूचना. प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतो. ॲथलॉन एक्सपी आणि पेंटियम ३ वर हे नेहमी दिसतं, कारण त्यांच्यात एसएसई२ हा सूचनासंच नाही आणि आजचे ब्राउझर ते धरूनच चालतात. डेबियन १२ ने आय३८६ साठी 'लाँग नॉप' ही सूचना सक्तीची केली, तेव्हा एएमडी जिओड बाहेर पडला. हाच जिओड 'एक मूल, एक लॅपटॉप' प्रकल्पाच्या एक्सओ-१ मध्ये होता: ४३३ मेगाहर्ट्झ, २५६ एमबी रॅम. भारतातला त्या प्रकल्पाचा पहिला प्रयोग २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्यावर झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रांपैकी एखादं कुठे शिल्लक असेल तर त्यावर डेबियन ११ च्या पुढे जाता येत नाही.

दुसरा, कर्नल. कर्नलने मूळ प्रोसेसर सोडून देण्याच्या घटना विरळ आहेत. ३८६ गेला ३.८ मध्ये, २०१३ साली. तो गेला याचं कारण म्हणजे त्यात सीएमपीएक्सचेंजसारखी सूचना नव्हती आणि कर्नल स्वतः लिहीत असताना पानांचं लेखन-संरक्षण तो पाळत नसे. त्या एका प्रोसेसरसाठी मेमरीच्या संवेदनशील कोडमध्ये ठिकठिकाणी आडवळणं ठेवावी लागत होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये ४८६ आणि सुरुवातीचे काही ५८६ काढायचा प्रस्तावही इंगो मोलनार यांनी याच कारणाने मांडला. एन२७० किंवा पेंटियम एमला त्या प्रस्तावाने काही होत नाही.

तिसरा, ड्रायव्हर. मेसा (लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) २२ मधून जुने 'क्लासिक' ग्राफिक्स ड्रायव्हर काढले आणि 'अँबर' नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले. नेटबुकांतल्या इंटेलच्या जीएमए ९५० ग्राफिक्सला झळ बसली नाही, कारण त्याचा गॅलियम या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर मुख्य मेसात आहे. पहिल्या पिढ्यांच्या रेडिऑनवाल्यांना बसली. एनव्हिडियाने आपले बंद ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने थांबवले: ३४० मालिका २०१९ अखेर, ३९० मालिका २०२२ अखेर. तिथे आता नूव्हो हा मुक्त ड्रायव्हरच वापरायचा. नव्या कर्नलवर जुना बंद ड्रायव्हर ठोकून बसवणारे पॅच इंटरनेटवर सापडतात, पण प्रत्येक कर्नल अपडेटला ते शिवणकाम उसवतं.

चौथा, ब्राउझर. लोकांना 'संगणक बंद पडला' असं वाटतं ते खरं यामुळे. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सने १४४ नंतर सोडलं, १४० ईएसआरला (दीर्घ मुदतीची आवृत्ती) सप्टेंबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या देऊ असं मोझिलाने जाहीर केलं. म्हणजे कर्नल आणि बाकी प्रणाली २०२८ पर्यंत टिकली तरी ब्राउझरचा प्रश्न त्याआधी उभा राहणार.

आजची निवड: डेबियन १२

३२-बिट मशीनसाठी मी डेबियन १२ म्हणजे 'बुकवर्म' सुचवतो. कर्नल ६.१ आहे. नियमित सुरक्षा दुरुस्त्या जून २०२६ पर्यंत, त्यापुढे एलटीएस (दीर्घ मुदतीचा सपोर्ट) गटाकडून ३० जून २०२८ पर्यंत. एलटीएस गट कोणती आर्किटेक्चर सांभाळतो याची यादी जाहीर असते, ती अधूनमधून पाहत राहा. ज्यांना मांडणी तयार हवी त्यांनी अँटीएक्स २३ ची ३२-बिट आवृत्ती घ्यावी. खाली बुकवर्मच आहे, पण सिस्टमडी (सेवा सुरू करणारी व्यवस्था) नाही आणि खिडक्यांची व्यवस्था हलकी आहे.

बुकवर्मचं आय३८६ नेटइन्स्ट (बाकीचं नेटवरून उतरवणारं) इमेज आता डेबियनच्या संग्रहातून घ्यावं लागतं. इमेज पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवा. रुफस (पेनड्राइव्ह बनवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) वापरत असाल तर तो विचारेल तेव्हा 'डीडी' पद्धत निवडा. २००५ च्या आधीच्या बऱ्याच मशिनांना यूएसबीवरून बूट करता येत नाही. तिथे सीडी जाळा किंवा 'प्लॉप' बूट मॅनेजर सीडीवर टाकून त्याच्याकडून पेनड्राइव्ह उचलायला लावा.

इन्स्टॉल करताना दोन ठिकाणी लोक अडखळतात. पेंटियम एमच्या काही आवृत्त्यांत पीएई (३२-बिटवर ४ जीबीहून जास्त रॅम वापरायची सोय) असतं, पण प्रोसेसर ते जाहीर करत नाही. म्हणून पीएई कर्नल सुरू व्हायलाच नकार देतो. बूटच्या ओळीत 'फोर्सपीएई' हा शब्द घाला, चालतो. '४ जीबी रॅम नाही, मग पीएई कशाला' हा प्रश्न चुकीच्या जागी आहे. पीएईशिवाय एनएक्स बिट (डेटाच्या जागेतून कोड चालू न देणारी सोय) वापरता येत नाही, आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीपासून बचाव करणारी ३२-बिट कर्नलमधली सोयही पीएईवरच उभी आहे. म्हणून दोन्ही कर्नल चालत असतील तर '६८६-पीएई' घ्या.

याच संदर्भात एन२७० बद्दल एक बरी गोष्ट. तो सूचना क्रमानेच चालवतो, पुढच्या सूचना अंदाजाने आधी उरकत नाही, म्हणून मेल्टडाउन आणि तशीच स्पेक्टर या त्रुटी त्याला लागू नाहीत. 'मिटिगेशन्स=ऑफ' (हे बचाव बंद करणारा शब्द) लिहून वेग वाढेल या आशेने काही करू नका, तिथे बंद करण्यासारखं फारसं काही नाही. पेंटियम ४ वर वेग वाढेल, पण मग त्यावर ब्राउझर उघडू नका.

दुसरं अडखळणं पडद्याचं. ९४५ चिपसेटच्या नेटबुकांवर कर्नलला कधीकधी अस्तित्वात नसलेलं टीव्ही-आउट 'जोडलेलं' दिसतं. मग बूट काही सेकंद अडकतं आणि पडद्याचं रिझोल्यूशन विचित्र येतं. ग्रबमध्ये (बूटचा मेन्यू) कर्नलच्या ओळीला 'व्हिडिओ=एसव्हिडिओ-१:डी' जोडा. लोक इथे 'नोमोडसेट' लावून मोकळे होतात. पडदा येतो खरा, पण ड्रायव्हरच बंद झाल्याने सगळं रखडतं.

इन्स्टॉल झाल्यावर सर्वांत आधी एपीटीची (पॅकेजेस उतरवणारा प्रोग्रॅम) सोर्सेस फाईल उघडा. तिथे 'स्टेबल' असा शब्द असेल तर तो पुसून 'बुकवर्म' लिहा. 'स्टेबल' म्हणजे आता डेबियन १३. पुढच्या अपग्रेडला तुमचे प्रोग्रॅम १३ चे होतील, कर्नल मात्र १२ चाच राहील आणि त्याला दुरुस्त्या येणं थांबेल. ही चूक लगेच दिसत नाही, आणि ती परत फिरवता येत नाही.

एक जीबीत बसवणं

डेस्कटॉप एलएक्सडीई किंवा नुसता आइसडब्ल्यूएम घ्या. ग्नोम आणि केडीईची गोष्ट सोडा. इन्स्टॉलरमध्ये डेस्कटॉप न निवडता आधी रिकामी प्रणाली टाकून मग हवं तेवढं घालणं सगळ्यांत बरं.

'झेडरॅम-टूल्स' हे पॅकेज टाका, ते रॅमचाच काही भाग दाबून स्वॉप (जास्तीची मेमरी) म्हणून वापरतं. त्याच्या फाईलमध्ये अल्गोरिदम एलझेड४ आणि टक्केवारी ५० ठेवा. झेडएसटीडी जास्त दाबतं, पण ॲटमसारख्या प्रोसेसरला त्याचा भार जाणवतो. व्हीएम.स्वॉपीनेस १०० च्या वर न्या आणि व्हीएम.पेज-क्लस्टर शून्य करा. पानं रॅममध्येच दाबून ठेवलेली असताना एका वेळी आठ-आठ पानं आणण्यात अर्थ नसतो. याखेरीज डिस्कवर एक जीबीची स्वॉप फाईल असू द्या, कमी प्राधान्याची.

पॅकेज अपडेट करताना 'प्रोसेसिंग ट्रिगर्स फॉर मॅन-डीबी' या ओळीवर मशीन मिनिटंच्या मिनिटं थांबतं ना? डेबकॉन्फमधून (डेबियनच्या पॅकेजेसची सेटिंग्ज) मॅन-डीबीचं (मदत-पानांची यादी) आपोआप अद्ययावत होणं बंद करता येतं. मॅन पानं तशीच उघडतात, फक्त शोध जुना राहतो.

इनिटरॅमएफएसच्या (कर्नलसोबत सुरुवातीला चढणारी बूटची फाईल) सेटिंगमध्ये 'मॉड्यूल्स=मोस्ट' ऐवजी 'डेप' लिहिलं की बूटची फाईल बरीच लहान होते आणि संथ डिस्कवरून चढायला कमी वेळ घेते. तोटा असा की ती डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही. म्हणून डिस्क किंवा कंट्रोलर बदलण्याआधी पुन्हा 'मोस्ट' करून इनिटरॅमएफएस नव्याने बनवा.

मराठी टायपिंगसाठी आयबस (भाषा टायपिंगची सेवा) चालू ठेवायची गरज नाही. इनस्क्रिप्ट हा एक्सकेबीमधला (प्रणालीची मूळ कीबोर्ड-व्यवस्था) साधा कीबोर्ड आहे. 'सेटएक्सकेबीमॅप'ला 'यूएस,इन' असे दोन लेआउट आणि बदलायला ऑल्ट-शिफ्टची जोडी सांगितली की पार्श्वभूमीला काहीही न चालवता मराठी येतं. फाँटसाठी लोहित देवनागरीचं पॅकेज पुरतं. नोटोचा सगळा संच टाकलात तर फाँटच्या याद्या बनवण्यातच हे प्रोसेसर दमतात. ज्यांना फोनेटिकच हवं त्यांना आयबस आणि एम१७एनचा (फोनेटिक लेआउट देणारा संच) भार सोसावा लागेल.

यंत्राची बाजू

सॉफ्टवेअरवर रात्र घालवण्याआधी सीआर२०३२ सेल बदला. सेल मेला की घड्याळ मागे जातं, मग वेबसाइटचं प्रमाणपत्र 'अजून लागू नाही' म्हणून ब्राउझर अडवतो आणि एपीटीही 'रिलीज फाईल अजून वैध नाही' म्हणत थांबतो. लोक ते नेटचा किंवा डिस्ट्रोचा दोष समजतात.

मेमटेस्ट८६+ ची निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. सहाव्या आवृत्तीपासूनचं नवं मेमटेस्टही ३२-बिटवर चालतं. डिस्कच्या स्मार्ट नोंदींत ५ आणि १९७ हे दोन आकडे पाहा, बदललेले सेक्टर आणि बदलीची वाट पाहणारे सेक्टर. १९७ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर नवीन काही टाकू नका, आधी डीडीरेस्क्यूने आतलं काढून घ्या.

साटा असेल तर कोणतीही स्वस्त एसएसडी चालते. पहिल्या पिढीच्या साटाला १५० एमबी प्रति सेकंदाची मर्यादा आहे, पण जाणवणारा फरक त्या वेगाचा नसून शोधायला लागणाऱ्या वेळेचा असतो, तो पुरेपूर मिळतो. जुन्या आयडीई लॅपटॉपला ४४ पिनांचं एमसाटा ॲडाप्टर मिळतं. खूप जुन्या बायोसला २८-बिट पत्त्यांमुळे १३७ जीबीच्या पलीकडचं दिसत नाही. तिथे मोठी डिस्क लावली तर बूट विभाग अगदी सुरुवातीला ठेवा. जुन्या कर्नलमधल्या आयडीई ड्रायव्हरमुळे ज्यांच्या एफएसटॅबमध्ये (डिस्क-विभागांची यादी) अजून 'एचडीए' लिहिलेलं आहे, त्यांनी ते यूयूआयडीने (विभागाचा कायमचा क्रमांक) बदलावं. तो आयडीई कोड ५.१४ मध्ये काढला, आता सगळं 'एसडीए' दिसतं.

एन२७० च्या मशिनांना दोन जीबीची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे डीडीआर२ ची चार जीबीची स्टिक महागाने घेऊ नका. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जुन्या डीडीआर२ स्टिक विचारून पाहता येतात. घेताना तिथेच लावून चालू करून बघा.

वायफायमध्ये नशीब ज्याचं त्याचं. अथेरॉसची एआर५००७ आणि एआर९२८५ कार्डं फर्मवेअरशिवाय चालतात. ब्रॉडकॉमचं बीसीएम४३१२ असेल तर फर्मवेअर वाटण्याची परवानगीच नसल्याने डेबियनचं पॅकेज ते नेटवरून उतरवतं, म्हणजे नेट सुरू करायला नेट लागतं. अशा वेळी लॅनची वायर जोडा किंवा फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट द्या, अँड्रॉइडचं यूएसबी टेदरिंग वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतं. कार्ड बदलायचा विचार असेल तर आधी बायोस ओळखीचीच कार्डं स्वीकारतो का ते तपासा. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये अनोळखी कार्ड दिसलं की मशीन पुढेच जात नाही. त्यापेक्षा एआर९२७१ चिपचा यूएसबी डोंगल बरा. राउटरवर 'फक्त डब्ल्यूपीए३' (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) ठेवलं असेल तर यातली बरीच कार्डं जोडली जाणार नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र ठेवा, २.४ गिगाहर्ट्झ चालू ठेवा.

ब्राउझरचं काय करायचं

एक जीबीवर फायरफॉक्स ईएसआरचे एक-दोन टॅब, यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या जोडणीसकट. याहून जास्त अपेक्षा नको. बातम्या आणि साध्या पानांसाठी डिलो आणि नेटसर्फ हलके आहेत, पण बँकेची आणि सरकारी पोर्टलं त्यांत उघडत नाहीत. माझं स्पष्ट मत: पैशांचे व्यवहार या मशीनवर करूच नका. व्हिडिओ ब्राउझरात पाहण्याऐवजी एमपीव्ही (प्लेअर) आणि वायटी-डीएलपी (नेटवरचा व्हिडिओ आणणारा प्रोग्रॅम) यांची जोडी वापरा. स्वरूप ३६० पी, एच.२६४ असं बांधून द्या. व्हीपी९ आणि एव्ही१ उलगडणं या प्रोसेसरला झेपत नाही. वायटी-डीएलपी बॅकपोर्ट्समधून (नव्या आवृत्त्यांचा डेबियनचा संग्रह) घ्या, मूळ बुकवर्ममधलं शिळं झालेलं असतं.

थोडं बाजूचं, पण विचारलं जातं म्हणून. डीटीपीवाल्यांकडे जुन्या फाँटांसाठी आणि पेजमेकरसाठी एक्सपीचं मशीन अजून जपलेलं असतं. ते नेटपासून तोडा आणि डिस्कची पूर्ण प्रत क्लोनझिलाने घेऊन ठेवा. सॉफ्टवेअरचं कुलूप प्रिंटर पोर्टच्या डोंगलमध्ये असेल तर यूएसबीचं पॅरलल ॲडाप्टर उपयोगाचं नाही. ते फक्त प्रिंटर म्हणून वागतं, डोंगलला हवे तसे पोर्टचे पिन हलवत नाही. खरा पॅरलल पोर्ट असलेलं एक जास्तीचं मदरबोर्ड बाजूला ठेवणं हाच उपाय.

२०२८ नंतर

फ्रीबीएसडीने १५ पासून आय३८६ सोडलं, ते विसरा. नेटबीएसडी १० (मार्च २०२४) ४८६ पासून पुढे सगळं चालवतं. ओपनबीएसडीचंही आय३८६ पोर्ट चालू आहे. लिनक्समध्ये व्हॉइड, अल्पाइन, जेंटू आणि स्लॅकवेअर १५ आहेत.

निवडताना एक तारीख मनात ठेवा: १९ जानेवारी २०३८, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्यानंतर ३२-बिट वेळ संपते. डेबियनने १३ मध्ये ३२-बिट एआरएमची वेळ ६४-बिट केली, पण आय३८६ मुद्दाम वगळलं, कारण जुने तयार प्रोग्रॅम चालवणं एवढंच त्याचं काम उरलं होतं. नेटबीएसडीने हे २०१२ मध्ये, ओपनबीएसडीने २०१४ मध्ये उरकलं आहे. अल्पाइन मसल ही सी लायब्ररी वापरतं आणि मसल १.२ पासून तिथेही वेळ ६४-बिट आहे. दहा वर्षांहून पुढचा विचार असेल तर मी अल्पाइन किंवा नेटबीएसडी घेईन.

डेबियनचीच प्रणाली ठेवून फक्त कर्नल स्वतः बांधायचा असेल तर तो त्या मशीनवर बांधू नका. जुन्या मशीनवर सगळी उपकरणं जोडा: वायफाय, पेनड्राइव्ह, एसडी कार्ड, प्रिंटर. पेनड्राइव्ह माउंटही करा. मग 'एलएसमॉड'चं उत्तर (चढलेल्या मॉड्यूल्सची यादी) एका फाईलमध्ये घ्या, बूट फोल्डरमधली कॉन्फिग फाईल घ्या आणि दोन्ही वेगवान मशीनवर न्या. तिथे बायसन, फ्लेक्स, बीसी, लिबएल्फ आणि ओपनएसएसएलची डेव्ह पॅकेजेस आणि जीसीसी मल्टिलिब टाका. आर्किटेक्चर आय३८६ सांगून 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवा, एलएसमॉड या चलाला त्या फाईलचा पत्ता द्या. नंतर 'मेक बिनडेब-पीकेजी'. तयार झालेलं पॅकेज जुन्या मशीनवर नेऊन बसवायचं. आधीचा कर्नल काढायचा नाही.

यात दोन-तीन खड्डे ठरलेले आहेत. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये विश्वासार्ह किल्ल्यांच्या जागी डेबियनच्या प्रमाणपत्राचा पत्ता असतो. ती फाईल तुमच्याकडे नसते, म्हणून बांधणी मध्येच पडते. तो पत्ता रिकामा करा. डीबग माहिती बंद करा, नाहीतर वेळ आणि जागा दोन्ही कित्येक पटींनी लागतात. आणि नवा कर्नल सुरळीत चढूनही पेनड्राइव्ह माउंट झाला नाही, तर एनएलएसची (फाईलनावांच्या अक्षरसंचांची) सीपी४३७ आणि ॲस्की ही मॉड्यूल्स सुटली आहेत असं समजा. 'एलएसमॉड' दिलं तेव्हा पेनड्राइव्ह नुसता खोचलेला होता, माउंट केलेला नव्हता.

मूळ कर्नलमध्ये सपोर्ट टिकतो कसा

मोटोरोलाचा ६८०३० हा १९८७ चा प्रोसेसर. लिनक्स त्यावर आजही चालतं, कारण गीर्ट यूटरहूवेन आणि इतर काही जण त्याचा कोड सांभाळतात आणि नव्या आवृत्त्या खऱ्या यंत्रांवर चालवून बघतात. इटॅनियम त्याच्या मानाने कालचा, मोठ्या कंपन्यांनी बनवलेला. तो ६.७ मध्ये, जानेवारी २०२४ ला, कर्नलमधून गेला. सांभाळायला कोणी उरलं नव्हतं. काढून टाकायचा प्रस्ताव येतो तेव्हा विचारलं जातं ते एवढंच: हे अजून कोण वापरतंय, आणि तपासणार कोण?

म्हणून वर्षातून दोन-तीनदा तरी आपल्या मशीनवर येऊ घातलेला कर्नल चालवून बघण्याला किंमत आहे. नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि आरसी१ (पहिली उमेदवार आवृत्ती) नंतर दर रविवारी एक उमेदवार आवृत्ती निघते. आरसी३ च्या आसपास तपासणं सोयीचं: सुरुवातीची पडझड आवरलेली असते आणि दुरुस्तीला वेळही उरलेला असतो.

काही बिघडलं तर लगेच बायसेक्ट (दर वेळी निम्मे बदल बाद करत दोषी बदल शोधणं) करायला बसू नका. डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात जुने कर्नल तयार पॅकेजच्या रूपात आहेत. त्यांतले चार-पाच बसवून पाहिले की कोणत्या दोन आवृत्त्यांमध्ये बिघाड शिरला ते कळतं, काहीही बांधावं लागत नाही. त्यानंतर गिट बायसेक्ट. हजार बदलांत साधारण दहा पायऱ्या, पूर्ण आवृत्तीभरच्या तेरा-चौदा हजार बदलांत चौदा. बांधणी वेगवान मशीनवर आणि लहान कॉन्फिगने केली तर हे एका सुट्टीच्या दिवसात बसतं. एखाद्या पायरीवर भलत्याच कारणाने बूटच झालं नाही तर 'बॅड' म्हणू नका, 'स्किप' म्हणा. एक खोटं 'बॅड' पुढची सगळी शोधाशोध भलत्या बदलावर नेऊन ठेवतं.

कळवताना मेन्टेनर्स फाईलमध्ये त्या भागाचा माणूस आणि यादी शोधा, रिग्रेशनची (आधी चालणारं बिघडल्याच्या तक्रारींची) मेलिंग लिस्ट सोबत ठेवा. मेल साध्या टेक्स्टमध्ये हवा, एचटीएमएल मेल कर्नलच्या याद्या परत पाठवतात. चाललेली शेवटची आवृत्ती, न चाललेली पहिली आवृत्ती, बायसेक्टने दाखवलेला बदल, दोन्ही वेळचा पूर्ण 'डीमेसेज' (कर्नलचे संदेश), 'एलएसपीसीआय'चं (आतल्या उपकरणांची यादी) आकड्यांसकट उत्तर आणि कॉन्फिग, हे सगळं त्यात द्या. पडदा काळाच राहत असेल तर नेटकन्सोलने लॅनवरून दुसऱ्या मशीनवर संदेश घेता येतात. त्यासाठी वायर लागते, वायफायवर ते चालत नाही. दुरुस्तीचा पॅच परत आला की तो त्याच मशीनवर चालवा आणि उत्तरात 'टेस्टेड-बाय' ही ओळ आपल्या नावाने द्या. ती ओळ पॅचसोबत कर्नलच्या इतिहासात जाते, आणि पुढच्या वेळी कोणी तो ड्रायव्हर काढायला निघालं की अजून कोण वापरतंय हे तिथेच सापडतं.